वना, वना

बुधवार, १४ मार्च १९३४. धुळे.

आज सुंदर येऊन गेली. माझी जुनी विद्यार्थिनी. आता शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला एका खेड्यात मुलींच्या शाळेवर शिक्षिका आहे. रविवारी मोटार ठरवते, सोनगीरचा किल्ला दाखवते, मग आमच्या गावच्या घळी दाखवते, दिवस मावळायच्या आत परत आणून सोडते, असा तिचा बेत. मी म्हटले, मार्च महिन्यात खानदेशात माणसे सावली शोधतात, घळी शोधत नाहीत. ती हसली.

"बाई, मोटार बठ्ठ्यांना पुरेल."

"सगळ्यांना," मी म्हटले.

"सगळ्यांना, बाई."

चौतीस वर्षांची झाली, दोन लेकरांची आई, आणि अजून हेच. मी एकोणतीस वर्षे या धुळ्यात 'शे' आणि 'बठ्ठा' आणि 'वना' खोडत बसले. 'शे' नाही, 'आहे'; 'तो वना' नाही, 'तो आला'. बाकावर उभे केले, मधली सुट्टी बंद केली. मला कॉन्व्हेंटात इंग्रजीखेरीज शब्द निघाला की रात्रीचे जेवण नसे. त्याने माझे काही बिघडले नाही.

मी नाहीच म्हणणार होते. पण मंदाबाई मध्ये पडली. "एलिझाबाई, पंचवीस वर्षं मी बोर्डिंगातल्या पोरींच्या वेण्या घातल्या. उवांशिवाय काही बघितलं नाही. आता काहीतरी मोठं बघू द्या. देऊळसुद्धा नको. नुसतं मोठं."

मंदाबाई आमच्या बोर्डिंगची देखरेख करायची. पाच वर्षांपूर्वी आम्ही एकाच महिन्यात निवृत्त झालो आणि हे घर भाड्याने घेतले. मी ख्रिस्ती, म्हणून चुली दोन. तिची आमटी माझ्या ताटात येते, माझी तिच्या ताटात जात नाही. तिचा पुतण्या तोताराम जळगावात कोर्टात कारकून आहे. दिवाळीला येतो, उंबऱ्याबाहेर बसतो, पाणी पीत नाही.

जाऊ म्हणून सांगितले. गुडघे आताच दुखू लागले आहेत.

रविवार, १८ मार्च. सोनगीर, सकाळी साडेआठ.

पहाटे पाचला निघालो. मोटारीच्या मागच्या बाकाला गादी म्हणून जे काही आहे त्यात काथ्या कमी आणि खिळे जास्त. किल्ला चढलो. म्हणजे सुंदर चढली, मी कुरकुरत चढले, आणि मंदाबाई सहा ठिकाणी बसून चढली. वर बुरूज आहे, विहीर आहे, वारा आहे. खाली आग्रा रोड दोरीसारखा सरळ गेलेला, दोन्हीकडे रिकामी काळी शेते. मंदाबाई बराच वेळ कठड्याला धरून उभी होती. घामाने पातळ पाठीला चिकटले होते.

"काय दिसते आहे एवढे?" मी विचारले.

"काही नाही. तेच तर."

आता ती तांबटाच्या दुकानात लोटा निवडते आहे. घरात सात लोटे आहेत. मी मोटारीत बसून हे लिहिते आहे. अजून निम्मा दिवस बाकी आहे. मला आत्ताच घरी जाऊन पडावेसे वाटते.

त्याच दिवशी, साडेअकरा. सुंदरचे घर.

मोटार गावापर्यंतच येते. पुढे बैलांची दमणी. गाडीवानाचे नाव वना. यावरून आल्याआल्या तमाशा झाला. सुंदरची सासू यशोदाबाई आतून ओरडली, "वना वना का वं?" अंगणातून सुंदर म्हणाली, "हां, वना वना." मंदाबाईला हसू आवरेना. या लोकांत 'आला' म्हणायला 'वना' म्हणतात, आणि माणसाचे नावही वना ठेवतात. वना आला का, हो, वना आला, एवढाच अर्थ.

मी सुंदरला म्हटले, "तू शिक्षिका आहेस. घरात निदान तू तरी नीट बोल."

ती सासूसमोर उभी होती. तिचा चेहरा उतरला. "वना आला आहे, बाई," ती म्हणाली. त्यानंतर ती जेवताना फार बोलली नाही. उन्हाने असेल.

वना चाळिशीचा असेल. पागोटे, मिशा, बोलणे कमी. "बठ्ठं सामान दमनीमा ठेवं शे," म्हणाला. मी त्याला काही म्हटले नाही. तो माझ्या शाळेत नव्हता.

मंगळवार, २० मार्च. धुळे, सरकारी दवाखाना.

बाकावर बसून लिहिते. हात दुखतो. परंतु लिहून ठेवलेच पाहिजे, नाहीतर जो तो आपल्या सोयीचे सांगेल.

घळी खरोखर मोठ्या आहेत. सपाट शेत चालता चालता पायाखाली एकदम फाटते आणि खाली तीस-चाळीस हात पिवळ्या मातीच्या भिंती. पाण्याने कापून कापून त्यांचे खांब झालेले, कोनाडे झालेले. मधून वाळूचा कोरडा नाला, सातपुड्याकडून येतो आणि तापीकडे जातो. खाली एक झुडूप नाही. वर आकाशाची अरुंद पट्टी. मंदाबाई म्हणाली, "हे बघा. हे मोठं."

खाली उतरायला एकच पायवाट. वना बैलांजवळ वरच थांबला. तो म्हणाला, "बाई, डोंगरवर आभाय शे. तठे जास्ती येळ बसू नका." मी वर पाहिले. आमच्या डोक्यावर ढगाचा ठिपका नव्हता. मार्चमध्ये कसले आभाळ.

नाल्यात पाऊण मैल चाललो. दोनदा बसलो. परत फिरून पायवाटेपासून दोन-तीनशे पावलांवर भिंतीच्या सावलीत आलो तर मंदाबाईने पाय पसरले आणि आता मोटार इथेच बोलवा म्हणाली. डबा उघडला. कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा.

तेवढ्यात वरून वना ओरडू लागला. काठावर उभा होता, हात हलवत होता. वाऱ्यात एकच शब्द खाली येत होता. "वना! वना! वना!"

मी म्हटले, हा गडी स्वतःचेच नाव घेऊन का ओरडतो आहे. हजेरी देतो आहे की काय. मंदाबाई हसली. मी वर हात केला आणि ओरडले, "कळले. तू वना आहेस. येतो आम्ही." तो आणखी जोराने ओरडू लागला. मग पायवाटेने धावत खाली येताना दिसला.

सुंदर उठून उभी राहिली होती. तिचे तोंड उघडले आणि मिटले. तिसरीत पाढा अडला की अशीच उभी राहायची. "बाई, पूर," ती म्हणाली. "पूर व…"

"अडखळू नकोस. नीट वाक्य बोल," मी म्हटले.

"पूर… आला… पूर येत आहे, बाई."

तोपर्यंत आवाज आला. पाण्याचा वाटला नाही. खडी भरलेल्या पुष्कळ गाड्या उतारावरून सुटल्यासारखा. सुंदरने माझा दंड धरून मला ओढले, मातीच्या एका कोनाड्यावर ढकलले, स्वतः चढली. मंदाबाईला उठायला वेळ लागतो. नेहमीच लागतो. तांबडे पाणी, त्यात लाकडे, एक मेलेली बकरी. कमरेएवढेच होते. पण ते आले तेव्हा मंदाबाई गुडघ्यावर होती.

वनाने तिला पन्नास-साठ हात खाली पकडले. एका हाताने तिला आणि एका हाताने मातीतल्या मुळीला धरून तो किती वेळ उभा होता मला सांगता येणार नाही. अर्ध्या घटकेत पाणी ओसरले. आमच्यावर शेवटपर्यंत कडक ऊन होते.

मंदाबाईचा खुबा मोडला आहे. छातीत पाणी गेले आहे. डॉक्टर म्हणतात, पाहू.

सुंदरला मी काल स्पष्ट सांगितले की तू एक क्षण आधी बोलली असतीस तर बरे झाले असते. ती "हो बाई" म्हणाली.

शुक्रवार, २३ मार्च.

ताप उतरत नाही. सकाळी शुद्धीवर होती. मला म्हणाली, "एलिझाबाई, लोटा राहिला का हो?" मी म्हटले, लोटा मोटारीतच होता, घरी आहे. म्हणाली, "मग झालं." नर्स पोरसवदा आहे, चादर ओढताना खुब्याकडे पाहत नाही. मी तिला बोलले. ती रडली. इथे कुणाला काही बोलायची सोय नाही.

चार रात्री बाकावर झोपले आहे.

मंगळवार, २७ मार्च.

मंदा पहाटे गेली.

तोताराम कालच जळगावहून आला होता. त्याने विचारले, शेवटचे पाणी कुणी पाजले. मी म्हटले, नर्सने. ती मराठ्याची आहे.

पाणी मी पाजले.

गुरुवार, २९ मार्च.

तोताराम तिची पेटी न्यायला आला. उंबऱ्यातच उभा राहिला. मी पेटी ओढत दारापर्यंत आणली. सोनगीरचा लोटा पेटीत ठेवला नाही. त्याने विचारला नाही.

शनिवार, ३१ मार्च.

शिरपूरचे फौजदार आले होते. तोतारामने अर्ज केला आहे की गाडीवानाने वर ढग दिसत असूनही बायकांना घळीत जाऊ दिले, पूर येताना पाहिला आणि सावध केले नाही. एका म्हाताऱ्या बाईचा जीव गेला, तेव्हा चौकशी होणारच, असे फौजदार म्हणाले. सज्जन आहेत. चहा घेतला.

"बाई, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून तुमच्या शब्दाला वजन आहे. गाडीवानाने पूर आल्याचे ओरडून सांगितले का?"

मी जे ऐकले ते सांगितले. लख्ख उजेड होता, मी भानावर होते, माझे कान चांगले आहेत. तो फक्त स्वतःचे नाव ओरडत होता. पूर, पाणी, पळा, यातले काहीही नाही. उतरताना आभाळाचा उल्लेख केला होता हेही सांगितले, कारण ते खरे आहे. नंतर मंदाबाईला त्याने धरले हेही सांगितले. फौजदारांनी सगळे लिहून घेतले आणि मी सही केली.

खोटे एक अक्षर नाही त्यात. तरी रात्री ताट तसेच बाजूला सारले. मंदाबाई असती तर म्हणाली असती, ठेचा जास्त झाला.

सोमवार, २ एप्रिल.

काल ईस्टर. प्रार्थनेला गेले नाही. कुणाला तरी पुन्हा जिवंत झाल्याचे ऐकायची माझी तयारी नव्हती. फादर रागावतील, रागावू देत.

आज दुपारी ओट्यावर एक बाई येऊन बसली होती. मी दार उघडले तर पायाच पडली. वनाची बायको, मंजुळाबाई. वनाला परवापासून शिरपूरच्या चौकीत ठेवले आहे. बैल दुसऱ्याच्या गोठ्यात. घरी सासू आंधळी.

मी तिला म्हटले, मी जे ऐकले तेच सांगितले, मी काही तुझ्या नवऱ्याची वैरीण नाही. तिला पाणी दिले. तिने घेतले. तिला माझी जात ठाऊक नसावी, किंवा तहान जास्त असावी.

ती सांगत होती आणि मी नाइलाजाने ऐकत होते. "मी सकायले मोटारवर पोचनू, बाई. मन्हा भाऊबी संगे पोचना. तो खाले बजारमा शे." मग पुराबद्दल म्हणाली, "त्यास्नी देखं, डोंगरकडथाईन पूर पोचना. त्यास्नी आरोया मारी. आखो काय करतीन?"

मला सवय आहे, दुसऱ्याच्या बोलण्यातला शब्द खटकला की राहवत नाही. या भागात कुणीही 'पोचना' म्हणत नाही. एकोणतीस वर्षे ऐकले आहे. भाऊ वना, मोटार वनी, पूर वना. मी तिला विचारले, "तू 'पोचना, पोचना' काय म्हणतेस? तुमच्याकडे 'वना' म्हणतात ना?"

तिने पदर तोंडावर घेतला. चाळिशीच्या आतली बाई, पण नव्या नवरीसारखी. "त्यास्नं नाव कशी लेऊ, बाई?"

मी तिच्या पेल्यात आणखी पाणी ओतले.

मग विचारले, "लग्न झाल्यापासून?"

"हां. सासू हासस. म्हनस, ही बाई पाहुना पोचना म्हनस, पानी पोचनं म्हनस, एक दिन इनी जीभ पोची जाई."

नवऱ्याचे नाव घेऊ नये म्हणून या बाईने वीस वर्षे 'आला' हा शब्दच टाकला. आणि नवरा काठावर उभा राहून जिवाच्या आकांताने तोच शब्द ओरडत होता. पूर वना. 'पूर' वाऱ्याने नेला. 'वना' माझ्यापर्यंत आला. मला तो शब्द ठाऊक होता. त्या दिवशी सकाळीच त्यावरून मी सुंदरला टोकले होते.

मंजुळाबाईने विचारले, बाई, तुमले बरं नही का. मी म्हटले, ऊन आहे.

बुधवार, ४ एप्रिल.

मंजुळाबाईबरोबर मोटारीने शिरपूरला गेले. सोनगीरला मोटार थांबली तेव्हा डोळे मिटून बसले.

फौजदारांना म्हटले, माझा जबाब दुरुस्त करायचा आहे. ते म्हणाले, दुरुस्त होत नाही, पुरवणी घेता येते. कारकून मिसरूड फुटलेला, पुण्याकडचा. मी सांगत गेले, तो लिहीत गेला. वाचून दाखवले. "गाडीवान 'आला, आला' असे ओरडला."

"तसे नाही. 'वना, वना' असे ओरडला."

"बाई, सरकारी कागदावर गावंढळ शब्द कसा लिहू? अर्थ एकच ना?"

"'आला' ओरडला असता तर मी पळाले असते. मग आज तुमच्यासमोर दोघी बसलो असतो. 'वना' लिहा."

त्याने फौजदारांकडे पाहिले. फौजदारांनी मान हलवली. त्याने तो शब्द असा लिहिला की जणू लेखणी विटाळली. मी त्याचे हस्ताक्षर पाहिले. माझ्या शाळेत त्याला पुन्हा लिहायला लावले असते.

फौजदार हळूच म्हणाले, "बाई, याचा अर्थ असा होतो की गाडीवानाने वेळेवर सूचना दिली आणि ती तुम्हाला कळली नाही."

"मला खानदेशी कळते."

"मग काय लिहू?"

भिंतीवर पाल होती. "लिहा की सूचना कळण्यासारखी होती. मी ती नाव म्हणून घेतली आणि खालून हात हलवून त्याला उत्तर दिले. दोघींना बसवून ठेवले."

सही केली. मग त्यांनी कागद चाळता चाळता सुंदरचा जबाब वाचून दाखवला. 'पाण्याच्या आवाजामुळे मला गाडीवानाचे शब्द ऐकू आले नाहीत.' मी म्हटले, हे चूक आहे, तेव्हा आवाज आलाच नव्हता. फौजदार म्हणाले, ते त्या बाईंना विचारा, मला आता पुष्कळ झाले.

वना बाहेर उन्हात उकिडवा बसला होता. दाढी वाढली होती. हाताला मुळीचे ओरखडे अजून काळे. मला पाहून उभा राहिला.

मी म्हटले, "वना, चूक माझी झाली."

तो म्हणाला, "बाई, मी तं वरडनू. आखो कसा वरडू?" रागाने नाही. आणखी कसा ओरडणार होता, हे तो खरेच विचारत होता.

सुंदरचे गाव तिथून जवळ आहे. गेले नाही. वेळ नव्हता असे मंजुळाबाईला सांगितले.

सोमवार, ९ एप्रिल.

चौकशी बंद झाल्याचे कळले. तोतारामचे पत्र आले. मी पैसे खाल्ले असावेत असा त्याला संशय आहे. कुणाकडून खाल्ले ते लिहिलेले नाही. गाडीवानाकडून बहुधा.

सुंदरला पत्र लिहिले. स्पष्ट विचारले: तुला ऐकू आले होते. तू माझ्याआधी उठलीस. मग पोलिसांना खोटे का सांगितलेस? खोटे बोलायला मी तुला शिकवले नाही. आणि त्या वेळी एवढा वेळ का लावलास?

टाकताना वाटले, शेवटचा प्रश्न खोडावा. खोडला नाही.

रविवार, १५ एप्रिल.

सुंदरचे उत्तर काल संध्याकाळी आले. पानभर आहे. बहुतेक मंदाबाईबद्दल, बोर्डिंगात ती वेण्या घालताना गोष्टी कशा सांगायची याबद्दल. शेवटी असे आहे:

'बाई, मला पहिल्याच हाकेला कळले होते. तोंडात शब्द आला होता. पण तो आमच्या बोलीतला होता आणि समोर आपण होतात. शुद्ध शब्द मला लवकर सापडला नाही. जबाबात खरे लिहायचे तर हेही लिहावे लागले असते. ते पोलिसांना कळले नसते, आणि आपल्याला वाचायला मिळाले असते. म्हणून ऐकू आले नाही असे लिहिले. क्षमा असावी.'

पत्र चारदा वाचले. ऱ्हस्वदीर्घाची चूक नाही. विरामचिन्हे जागच्या जागी. संबंध पानात त्यांच्या बोलीतला एकही शब्द नाही.